पडद्याने थांबावे की लुकलुकावे?

तापीच्या काठी वसलेल्या बुऱ्हाणपूर शहरात इतवारा नावाचा एक भाग आहे. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या या गावात मराठी, हिंदी, उर्दू आणि निमाडी या भाषा शेजारशेजारी नांदतात, आणि त्या सर्वांच्या पाठीमागे यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. अशा या इतवाऱ्यातील एक घर आज कल्पनेने डोळ्यांपुढे आणावयाचे आहे. घर साधेच आहे. वडील वीस-बावीस वर्षे यंत्रमागावर काम करीत आले आहेत. थोरला मुलगा महाविद्यालयात शिकतो व संध्याकाळी एका दुकानाचे हिशेब लिहितो. धाकटा दहावीत आहे. घरात संगणक एकच. दोघा भावांनी वर्षभर पैसे साठवून त्यासाठी एक नवा मॉनिटर घ्यावयाचे ठरविले आहे, आणि त्या मॉनिटरवरूनच आता दोघांत वाद उत्पन्न झाला आहे.

थोरल्याचे म्हणणे असे की, ज्या मॉनिटरवर 'मोशन ब्लर रिडक्शन' म्हणजे हलत्या चित्राचा पुसटपणा घालविण्याची सोय उत्तम असेल, तोच घ्यावा. धाकट्याचे म्हणणे असे की, 'व्हेरिएबल रिफ्रेश रेट' म्हणजे संगणकाच्या गतीप्रमाणे पडद्याने आपली गती बदलण्याची सोय अधिक महत्त्वाची. पुष्कळशा मॉनिटरांत या दोन्ही सोयी असतात. तथापि त्या एकाच वेळी चालू ठेवता येत नाहीत. एक घेतली की दुसरी सोडावी लागते. मग कोणती घ्यावयाची?

वडीलधाऱ्या माणसांना हा वाद ऐकून हसू येण्याचा संभव आहे. खेळाचा पडदा तो काय, आणि त्यावरून दोघा भावांत अबोला तो काय! परंतु वर्षभराची बचत ही यंत्रमागावर चालणाऱ्या घरात लहान गोष्ट नव्हे. शिवाय ज्या पडद्यासमोर मुले रोज तास-दोन तास बसणार, तो त्यांच्या डोळ्यांशी कसा वागतो हे समजून घेणे कोणत्याही पालकाच्या कर्तव्यातच मोडते. म्हणून प्रश्न मुलांचा म्हणून बाजूस न सारता त्याची नीट फोड करणे बरे.

प्रथम पडदा करतो काय, ते पाहू. पडद्यावरील कोणतीही हालचाल खरी नसते. तेथे एकामागून एक स्थिर चित्रे दाखविली जातात आणि गतीचा भास आपल्या दृष्टीत उत्पन्न होतो. ही गोष्ट माणसाला माहीत होऊन दोनशे वर्षे होत आली. 1824 साली लंडनमध्ये पीटर मार्क रॉजे याने, उभ्या फटींतून पाहिले असता धावत्या गाडीच्या चाकाचे आरे वाकडे का दिसतात, यावर एक निबंध सादर केला. 1832 च्या सुमारास बेल्जममधील जोसेफ प्लाटो आणि व्हिएन्नामधील सिमॉन श्टांफर यांनी, एकमेकांस ठाऊक नसता, फटी पाडलेल्या फिरत्या तबकड्यांवर चित्रे हलवून दाखविली. पुढे त्यातूनच सिनेमा आला, आणि दूरचित्रवाणी व संगणकाचा पडदाही आला. साधने बदलली, परंतु डोळा तोच राहिला.

आता संगणकावरील खेळात एक नवी अडचण असते. सिनेमाची चित्रे आधीच तयार असतात. ती ठरलेल्या गतीने दाखवावयाची एवढेच काम उरते. खेळातील चित्र मात्र त्या त्या क्षणी तयार करावे लागते, कारण खेळणारा पुढच्या क्षणी कोठे वळणार हे कोणालाच माहीत नसते. ग्राफिक्स कार्ड नावाचा भाग हे चित्र रेखाटीत असतो. समोर मोकळे आकाश असेल तर चित्र झटपट होते. समोर गर्दीचा बाजार, धूर, पाणी आणि आगीचे लोळ असतील तर त्याला अधिक वेळ लागतो. म्हणजे चित्रे तयार होण्याची गती सारखी कमीजास्त होत असते. जुन्या पद्धतीचा पडदा मात्र घड्याळाला बांधलेला असतो. सेकंदाला 60 वेळा म्हणजे सुमारे 16.7 मिलिसेकंदांनी एकदा तो नवे चित्र घेतो. त्याची ही गती हर्ट्‌झ या मापाने सांगतात.

हा प्रकार समजण्यासाठी बुऱ्हाणपूरच्या माणसाला फार दूर जावयास नको. स्टेशनातून सुटणारी आगगाडी वेळापत्रकाने सुटते. प्रवासी धापा टाकीत फलाटावर पोहोचला आणि गाडी क्षणापूर्वी गेलेली असली, तर त्याला पुढील गाडीपर्यंत ताटकळत बसावे लागते. पडद्याचेही तसेच. चित्र 16.7 मिलिसेकंदांत तयार न होता 20 मिलिसेकंदांत झाले, तर उशीर अवघा 3 मिलिसेकंदांचा. पण त्या चित्राला पुढील खेपेची म्हणजे 33 व्या मिलिसेकंदाची वाट पाहावी लागते. तोवर पडद्यावर जुनेच चित्र असते. खेळणाऱ्याला हालचाल अडखळल्यासारखी भासते. ही वाट पाहावयाची नसेल, तर संगणक अर्ध्या वाटेतच नवे चित्र पडद्यावर ढकलतो. मग वरचा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्या चित्राचा असे होऊन, विजेचा उभा खांब मध्येच तुटून सरकल्यासारखा दिसतो. यालाच खेळणारी मुले चित्र 'फाटले' असे म्हणतात.

व्हेरिएबल रिफ्रेश रेट या सोयीने आगगाडीचा टांगा केला. स्टेशनाबाहेरचा टांगेवाला वेळापत्रक पाहत नाही. उतारू आला की तो निघतो. त्याचप्रमाणे या पद्धतीत चित्र तयार होईपर्यंत पडदा थांबतो आणि ते येताच लगेच दाखवितो. एनव्हिडिया या कंपनीने 2013 साली 'जी-सिंक' या नावाने ही पद्धत जाहीर केली. 2014 साली 'अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक' या नावाने तिला डिस्प्लेपोर्ट या जोडणीच्या मानकात स्थान मिळाले, आणि 2015 साली एएमडी कंपनीच्या 'फ्रीसिंक' पद्धतीचे मॉनिटर बाजारात आले. पुढे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एचडीएमआय 2.1 या मानकानेही तिचा स्वीकार केला, त्यामुळे दूरचित्रवाणी संचांतही ती आली. आज बेताच्या किमतीच्या मॉनिटरांतही ती आढळते.

टांग्यालाही काही मर्यादा असतात. पडद्याची गती एका ठराविक पल्ल्यातच बदलू शकते. समजा, एखाद्या मॉनिटरचा पल्ला 48 ते 144 हर्ट्‌झ आहे. संगणकाची गती सेकंदाला 40 चित्रांवर उतरली, तर ती पल्ल्याच्या खाली गेली. अशा वेळी चांगली यंत्रणा तेच चित्र दोनदा दाखवून, म्हणजे पडदा 80 वर चालवून, वेळ निभावते. हे साधावयास पल्ल्याचे वरचे टोक खालच्या टोकाच्या दुपटीहून बरेच अधिक असावे लागते. 48 ते 75 एवढाच आखूड पल्ला असलेल्या पडद्यात ही युक्ती चालत नाही. विकत घेताना डब्यावरील मोठ्या आकड्याइतकेच या खालच्या टोकाकडेही लक्ष द्यावे, ते यासाठी.

येथवर धाकट्याचा पक्ष झाला. आता थोरल्याचे ऐकावयास हवे, कारण त्याचे म्हणणेही पोकळ नाही.

थोरला सांगतो की, चित्र अडखळत नाही आणि फाटतही नाही, तरीसुद्धा ते पुसट दिसते. धावत्या गाडीवरील पाटी वाचू म्हटले, तर अक्षरे फरफटल्यासारखी होतात. हे कसे? गंमत अशी आहे की, हा दोष जितका पडद्याचा तितकाच डोळ्याचा आहे. हलती वस्तू पाहताना आपला डोळा तिच्या मागोमाग अखंड सरकत असतो. आजच्या सपाट पडद्यावर मात्र प्रत्येक चित्र पुढील चित्र येईपर्यंत जागच्या जागी उभे असते. डोळा पुढे सरकतो आणि चित्र मात्र तेथेच राहते. साहजिकच डोळ्याच्या पडद्यावर त्या चित्राचा फराटा उमटतो. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेतील संशोधक ताइइचिरो कुरिता यांनी 2001 साली, चित्र धरून ठेवणाऱ्या पडद्यांच्या या दोषाची व त्यावरील उपायांची शास्त्रीय चर्चा केली होती.

हिशेब सोपा आहे. पडद्यावरील चित्र बारीक बिंदूंचे बनलेले असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. एखादी वस्तू सेकंदाला 960 पिक्सेल या वेगाने सरकत असेल आणि पडदा सेकंदाला 60 चित्रे दाखवीत असेल, तर प्रत्येक चित्र उभे असताना डोळा 16 पिक्सेल पुढे जातो. म्हणजे फराटा 16 पिक्सेलांचा. गती 120 केली तर तो 8 पिक्सेलांचा होतो, 240 केली तर 4 पिक्सेलांचा. व्हेरिएबल रिफ्रेश रेट येथे काहीच करू शकत नाही. मॉनिटर 144 चा असला तरी संगणक सेकंदाला 60 च चित्रे देत असेल, तर पडदा 60 वरच चालणार आणि फराटा 16 पिक्सेलांचाच राहणार. टांगा वेळेवर आला म्हणून उतारूचे चुरगळलेले कपडे काही सरळ होत नाहीत.

जुन्या काचेच्या नळीच्या दूरचित्रवाणीत हा दोष जवळजवळ नव्हता. तेथे प्रत्येक बिंदू क्षणभर उजळून लगेच विझे. डोळा सरकत असताना त्याला पुसट करावयास चित्र जागेवर उरतच नसे. मोशन ब्लर रिडक्शन या सोयीत नेमके हेच केले जाते. पडद्याच्या पाठीमागचा दिवा सतत न ठेवता प्रत्येक चित्रासाठी एकदाच, क्षणभर उजळतात आणि उरलेला वेळ काळोख ठेवतात. दिवा अवघा 1 मिलिसेकंद लागला, तर मघाच्या हिशेबातील फराटा 16 ऐवजी सुमारे 1 पिक्सेलावर येतो. धावत्या गाडीवरील पाटी वाचता येऊ लागते. डोक्यावर चढवून पाहण्याच्या आभासी सृष्टीच्या चष्म्यांतही याच युक्तीचा आश्रय घेतलेला असतो. कारण तेथे मान वळविताच सारे जग सरकते आणि फराटे असह्य होतात.

ही युक्ती इतकी नामी आहे, तर ती सर्वांनी सदैव का वापरू नये? कारण तिची किंमत तीन प्रकारे मोजावी लागते.

पहिली किंमत उजेडाची. सेकंदाला 120 चित्रे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला 8.3 मिलिसेकंद येतात. त्यांपैकी दिवा 1 च मिलिसेकंद लागला, तर उजेड आठव्या हिश्श्यावर येणार. दिवा अधिक प्रखर करून काही भरपाई करता येते. तरी दिवसा, उघड्या खिडकीसमोर असा पडदा बहुधा मंदच भासतो.

दुसरी किंमत शिस्तीची. दिव्याची प्रत्येक लुकलुक आणि नवे चित्र यांची गाठ पडलीच पाहिजे. दिवा सेकंदाला 120 वेळा लुकलुकला आणि चित्रे 60 च आली, तर प्रत्येक चित्र दोनदा उजळते. पुढे सरकलेल्या डोळ्याला मग एकाऐवजी दोन वस्तू शेजारशेजारी दिसतात. सिनेमाच्या जुन्या प्रेक्षकांना हा अनुभव नवा नाही. सिनेमात सेकंदाला 24 चित्रे असतात. पण तेवढ्याच वेळा प्रकाश पडला तर लुकलुक असह्य होईल, म्हणून प्रक्षेपकाची झडप प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा दाखविते. म्हणूनच वेगाने सरकणाऱ्या दृश्यात कडा दुहेरी भासतात. तात्पर्य, ज्याचा संगणक एखाद्या खेळात सेकंदाला 120 चित्रे न चुकता देऊ शकत नाही, त्याला त्या खेळात 120 च्या लुकलुकीचा लाभ नाही. उलट अडखळणे अधिकच ठळकपणे डोळ्यांत भरते. पूर्वी पुसटपणाच्या आड जे झाकले जात होते, ते आता उघडे पडते.

याच कारणामुळे या दोन सोयींचा एकत्र संसार कठीण झाला आहे. लुकलुक ठराविक अंतराने झाली तरच उजेड सारखा राहतो. अंतर कमीजास्त झाले की पडदा कधी उजळ, कधी मंद भासतो. आणि पुढील चित्र केव्हा येणार हे आधी ठाऊक नसल्यामुळे दिवा किती वेळ लावावा हे ठरविणे अवघड जाते. तरी अभियंत्यांनी प्रयत्न सोडलेला नाही. असूस कंपनीने 2019 साली दोन्ही एकत्र चालविणारे मॉनिटर बाजारात आणले, आणि एनव्हिडियाने जानेवारी 2024 मध्ये 'जी-सिंक पल्सर' या नावाने अशीच नवी योजना जाहीर केली. परंतु बेताच्या किमतीत मॉनिटर घेणाऱ्याला अजून बहुधा दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागते.

तिसरी किंमत डोळ्यांची व डोक्याची. इतवाऱ्यातील त्या घरात वाद मिटला तो याच मुद्द्यावर.

झाले असे की, थोरल्याने एका मित्राच्या घरून तशा प्रकारचा मॉनिटर दोन दिवसांसाठी आणला. स्वतः खेळून पाहिले आणि तो हरखून गेला. धाकटा तासभर खेळला, आणि कपाळ धरून उठला. "दादा, चित्र छान दिसतं, पण माझं डोकं ठणकतं," असे तो म्हणाला. थोरल्याला ते खरे वाटेना. पडद्यावर लुकलुक तर मुळीच दिसत नाही. मग डोके कसे दुखेल? आपला हट्ट चालावा म्हणून हा सोंग करतो, असे त्याच्या मनात आले, आणि तो तसे बोललाही.

त्या वेळी वडील जेवावयास बसले होते. त्यांना संगणकातील काही कळत नसे. पण यंत्रमागाच्या छपराखाली त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. ते म्हणाले, "अरे, ट्यूबच्या उजेडात चाक थांबल्यासारखं दिसतं, म्हणून ते थांबलेलं नसतं. आणि उजेड सारखा दिसतो, म्हणून तोही सारखा नसतो."

त्यांच्या या वाक्यात पुष्कळ अर्थ आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असते, आणि जुन्या चोकवर चालणारी ट्यूब त्यामुळे सेकंदाला 100 वेळा उजळते व मंदावते. ही लुकलुक नुसत्या डोळ्याला दिसत नाही. फिरत्या यंत्राला मात्र ती ओळखता येते. चार आऱ्यांचे एखादे चाक मिनिटाला 1,500 फेरे घेत असेल, तर दोन लुकलुकींच्या मध्ये ते बरोबर पाव फेरा फिरते. एका आऱ्याच्या जागी दुसरा आरा येतो आणि चाक जागच्या जागी उभे असल्याचा भास होतो. फेरे 1,440 असतील, तर तेच चाक सेकंदाला एकदा उलटे फिरते आहेसे वाटते. उभे आहे असे समजून कोणी त्यात हात घातला, तर काय होईल हे सांगावयास नको. म्हणून कारखान्यांत शेजारशेजारचे दिवे विजेच्या वेगवेगळ्या फेजवर टाकण्याचा प्रघात पडला. इलेक्ट्रॉनिक चोक आल्यावर ट्यूबची लुकलुक सेकंदाला हजारो वेळा होऊ लागली आणि हा धोका बराच मावळला. याच लुकलुकीचा दुसऱ्या बाजूने उपयोगही होतो. स्ट्रोबोस्कोप नावाच्या लुकलुकत्या दिव्याने गिरणीतील चात्यांची गती, त्यांना हात न लावता, मोजता येते.

आणि डोकेदुखीचे काय? तीही कल्पित नसते. 1989 साली ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांचे सहकारी यांनी एका कचेरीतील दिव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या चोकच्या, सेकंदाला 100 वेळा लुकलुकणाऱ्या ट्यूबऐवजी अतिशय जलद आवर्तनांवर चालणारे दिवे लावले, तेव्हा तेथील लोकांच्या डोकेदुखीचे व डोळे शिणण्याचे सरासरी प्रमाण निम्म्याहून खाली आले. म्हणजे जी लुकलुक डोळ्यांना दिसत नाही, तीही काही माणसांना जाणवते. सर्वांना मात्र नव्हे. त्याच खोलीत एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याचे डोके ठणकते. खेळाच्या पडद्यावरील दिवाही सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळाच लुकलुकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे धाकट्याच्या तक्रारीत सोंग पाहण्याचे कारण उरत नाही.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. लुकलुकीचे नाव काढताच काहींना जपानमधील 16 डिसेंबर 1997 ची घटना आठवेल. त्या दिवशी 'पोकेमॉन' या मालिकेच्या एका भागात तांबडा व निळा रंग सेकंदाला सुमारे 12 वेळा आलटूनपालटून चमकला, आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. ती बाब निराळी. अपस्माराचा झटका आणू शकणारी लुकलुक बहुधा सेकंदाला 5 ते 30 वेळा होणारी, म्हणजे उघड दिसणारी असते. मॉनिटरच्या दिव्याची तिच्याहून पुष्कळ जलद असते. तेव्हा विनाकारण घाबरण्याचे प्रयोजन नाही. मात्र घरात कोणाला फिट्सचा किंवा अर्धशिशीचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आणि लुकलुकता दिवा बंदच ठेवणे शहाणपणाचे.

मग निवड कशी करावी? रोग न ओळखता औषध घेऊ नये, हा नियम येथेही लागू पडतो. वर सांगितलेल्या दोन सोयी दोन निरनिराळ्या दोषांवरील उपाय आहेत. म्हणून आपल्याला कोणता दोष जाचतो हे आधी पाहावे. खेळ सुरू करून एखाद्या उभ्या खांबासमोर नजर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवावी. खांब मध्येच तुटला, तर चित्र फाटते आहे. चाल सारखी न राहता मध्येच धक्के बसले, तर चित्र अडखळते आहे. या दोन्ही दोषांवर व्हेरिएबल रिफ्रेश रेट हाच खरा उपाय. धक्का नाही, तूटही नाही, परंतु सरकत्या पाटीवरील अक्षरे नजरेने पाठलाग करूनही वाचता येत नाहीत, असे असेल तर दोष पुसटपणाचा आहे. तेथे लुकलुकत्या दिव्याचा उपयोग होईल. कित्येक खेळ तर स्वतःच चित्रात मुद्दाम पुसटपणा मिसळतात. तो खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतो, आणि त्याला पैसा पडत नाही. तेव्हा हा उपाय सर्वांच्या आधी करावा.

यानंतर आपला संगणक आणि आपला खेळ यांच्याकडे पाहावे. गोष्ट सांगत नेणारे, विस्तीर्ण प्रदेशांतून हिंडविणारे खेळ संगणकावर मोठा भार टाकतात; तेथे चित्रांची गती सेकंदाला कधी 50, कधी 80 अशी हेलकावत राहते. अशा खेळांस थांबून घेणारा पडदाच मानवतो. 'काउंटर-स्ट्राइक'सारख्या, क्षणार्धात नेम धरावयाच्या खेळांचा भार त्या मानाने हलका असतो. मध्यम प्रतीच्या संगणकावरही छाया वगैरेंचा तपशील कमी करून सेकंदाला 120 किंवा 144 चित्रे सातत्याने मिळू शकतात. तेथे सरकत्या लक्ष्याचा नजरेने पाठलाग करावयाचा असेल, तर लुकलुकता दिवा साहाय्य करतो. मात्र त्याची गती संगणकाला सहज पेलेल अशीच ठेवावी. 144 ची हौस धरून 110 वर अडखळण्यापेक्षा 100 वर न चुकता चालणे केव्हाही बरे. आणि एवढे करूनही दोन-चार संध्याकाळी डोके जड होऊ लागले, तर तो दिवा बंद करावा. या बाबतीत शेवटचे मत त्या पडद्यासमोर बसणाऱ्या डोळ्यांचेच.

पडदा लुकलुकतो की नाही हे पाहण्याची एक सोपी परीक्षाही आहे. उजळ पडद्यासमोर पेन्सिल पंख्याप्रमाणे भराभर हलवावी. तिचा सलग धूसर पट्टा दिसला, तर उजेड अखंड आहे. अनेक पेन्सिली वेगवेगळ्या उभ्या असल्यासारख्या दिसल्या, तर तो लुकलुकता आहे. वडिलांच्या बोलण्यानंतर थोरल्याने हीच परीक्षा आधी घरातील जुन्या ट्यूबखाली आणि मग त्या पडद्यासमोर करून पाहिली. दोन्हीकडे त्याला पेन्सिलींची रांग दिसली. पडद्यासमोर तर ती अधिकच स्पष्ट होती. तो काही बोलला नाही. त्याने धाकट्याच्या हातात पेन्सिल दिली आणि आपण पाहिले ते त्यालाही दाखविले. त्याला सोंगाडा म्हटल्याची भरपाई त्या घरात एवढ्यावरच झाली, आणि ती पुरेशीही होती.

मॉनिटर शेवटी कोणता आला? 48 ते 144 हर्ट्‌झचा पल्ला असलेला, थांबून घेणारा. आणि त्यात लुकलुकत्या दिव्याची सोयही होती. घरातील एकुलत्या संगणकाला जो दोष रोज जाचत होता, त्यावर प्रथम उपाय झाला. थोरला आपल्या नेमबाजीच्या खेळापुरता तो दिवा लावतो. धाकटा बसण्यापूर्वी आठवणीने बंद करतो. बसण्याची पाळीही ठरलेली आहे, कारण धाकट्याची दहावी आहे आणि त्या बाबतीत वडिलांपुढे कोणत्याच सोयीचे काही चालत नाही.

श्रोतेहो, यंत्रे बनविणारे आपल्याला आकडे देतात. ते आकडे खरे असतात आणि ते समजून घेण्याचा आळस करू नये. पण त्या आकड्यांच्या शेवटी एक माणूस बसलेला असतो, आणि दोन सख्ख्या भावांचे डोळेही सारखे नसतात. दुसऱ्याला दिसते ते आपल्याला दिसत नाही, किंवा दुसऱ्याला दुखते ते आपल्याला दुखत नाही, एवढ्यावरून त्याला खोटे ठरवू नये. मॉनिटरची निवड करताना ही गोष्ट ध्यानात राहिली, तर पैसा वाया जात नाही, आणि घरातली माणसेही एकमेकांपासून दुरावत नाहीत.